पुणे-मिरज मार्गावर ‘कवच’ मागायचं का?

माहुलीकर
नमस्कार मंडळी. पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण व्हावं, वीज यावी म्हणून आपल्या भागातल्या प्रवाशांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारतही धावायला लागली. आता चार प्रवासी जमले की बोलणं दोनच गोष्टींवर येतं, थांबा द्या आणि वेग वाढवा. माझं म्हणणं असं, की गाड्या आणि वेग वाढणार असतील तर गाडी आपोआप थांबवणारी ‘कवच’ यंत्रणा इथे कधी बसणार हेही त्याच निवेदनात विचारायला हवं.

पुढच्या आठवड्यात आमचा प्रवासी गट खासदारांना भेटणार आहे. गटात यावरून दोन तट पडलेत. “सुरक्षेचं रेल्वे बघेल, आपण आपले थांबे मागू,” असं बरेच जण म्हणतात. एकाने विचारलं, दुहेरी मार्ग झाला की समोरासमोर टक्कर व्हायचा प्रश्नच मिटला, मग हे कशाला? मला त्याला नीट उत्तर द्यायचंय. जाणकारांनी सांगावं: कवच नक्की करतं काय, आपल्याला त्याची गरज किती, आणि मागायचंच तर कोणत्या शब्दांत?

वारणाकाठ
थांबेच मागा. खासदारांसमोर दहा मिनिटं मिळतात, त्यात सतरा विषय काढले की एकही धड होत नाही. हा माझा अनुभव आहे.

सिग्नलवाला
मी सिग्नल खात्यात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

रुळांच्या मधे स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवतात. साधारण किलोमीटरला एक, शिवाय सिग्नलपाशी आणि स्टेशनात. टॅग म्हणजे इंजिनाला वाचता येणारा मैलाचा दगड. इंजिनाखालचा रीडर तो वाचतो आणि आपण कुठल्या रुळावर, नेमके कुठे आहोत हे इंजिनातल्या संगणकाला कळतं. दुसरा भाग स्टेशनात असतो. तो तिथल्या इंटरलॉकिंगला, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेला, जोडलेला असल्यामुळे कुठला सिग्नल लाल आहे, पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) मेन लाईनला आहे की लूपला, म्हणजे बाजूच्या रुळाला, हे त्याला ठाऊक असतं. टॉवरवरून रेडिओने तो इंजिनाला सतत कळवत राहतो, की तुला इथून पुढे अमुक अंतरापर्यंतच जायची परवानगी आहे.

पुढे लाल असेल तर ब्रेक कुठून लागायला हवा याचा हिशोब इंजिनात चालू राहतो. लोको पायलटने वेळेत ब्रेक लावला तर कवच मधे पडत नाही. नाही लावला तर आधी पडद्यावर आणि आवाजाने इशारा देतं, तरी वेग उतरला नाही तर स्वतः ब्रेक लावतं. शंभरच्या वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. लाल दिवा डोळ्यांना दिसल्यावर ब्रेक मारून भागत नाही, म्हणून हा हिशोब आधीपासून करावा लागतो.

आता दुहेरी मार्गाचा प्रश्न. समोरासमोरची टक्कर दुहेरीकरणाने खूप कमी होते हे खरं. पण पाठीमागून बसणारी धडक? २९ ऑक्टोबर २०२३ ला आंध्रात विजयनगरमजवळ कंटकापल्लीला दोन्ही पॅसेंजर एकाच दिशेने चालल्या होत्या. मागच्या गाडीने बिघडलेले सिग्नल ओलांडले आणि पुढचीला धडकली. १४ माणसं गेली. गटातल्या गृहस्थांना एवढं सांगा.

वारणाकाठ
सिग्नलवाले, माहिती छान दिलीत. पण मग बालासोरचं काय? २ जून २०२३ ला बहानगा बाजारला २९० हून जास्त माणसं गेली. तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, कवच असतं तर वाचले असते. आणि खुद्द रेल्वेमंत्री म्हणाले की या अपघाताचा कवचशी संबंध नाही. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

सिग्नलवाला
प्रश्न रास्त आहे. बालासोरला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाईनचा हिरवा सिग्नल होता आणि पॉइंट मात्र लूपला वळलेला होता. फाटकाच्या सिग्नल यंत्रणेचं काम करताना वायरिंग चुकलेलं होतं. गाडी जवळपास १३० च्या वेगात लूपवर शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. लोको पायलटने कोणताही लाल सिग्नल तोडला नव्हता. कवच स्टेशनाच्या इंटरलॉकिंगकडूनच माहिती घेतं. तीच खोटी आली तर कवचही तिच्यावर विश्वास ठेवणार. त्यामुळे कवच असतं तरी ती पहिली धडक टळली असती असं मी म्हणणार नाही.

पण यावरून कवच निरुपयोगी ठरत नाही. आमच्या खात्यात काम करताना गिअर, म्हणजे सिग्नल-पॉइंटची यंत्रं, जोडणीतून तोडण्याआधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे लेखी सूचना, द्यायचा, काम झालं की प्रत्येक पॉइंट, प्रत्येक सिग्नल तपासायचा आणि मगच रीकनेक्शन द्यायचं, हा नियम आहे. तो पाळायला वेळ लागतो आणि गाड्या खोळंबल्या की वरून फोन सुरू होतात. तो वेळ मिळाला पाहिजे. कवचच्या जोडीला हेही मागा.

पाटील_मसूर
आमचं एक साधं इचारणं हाय. गळीत हंगामात ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर फाटकातनं जात्यात. मधीच ट्रॉलीचा पिन तुटला न् ट्रॉली रुळावर अडकली, तर हे कवच गाडी थांबवतंय का?

सिग्नलवाला
नाही, पाटील. रुळावर ट्रॉली आहे, गुरं आहेत, दरड आहे, हे कवचला दिसत नाही. फाटक सिग्नलशी जोडलेलं असेल तर ते बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. ट्रॉली आत असताना गेटमन फाटक लावणारच नाही, म्हणजे सिग्नल लाल राहतो, आणि तो लाल सिग्नल कवच ओलांडू देत नाही. फाटकाआधी शिट्टीसुद्धा ते आपोआप वाजवतं. पण सिग्नल हिरवा होऊन गाडी जवळ आल्यावर काही आत घुसलं तर गेटमनचं लाल निशाण आणि लोको पायलटचे डोळे यांवरच सगळं.

पाटील_मसूर
मंजी फाटक जोडलेलं हाय का नाय ते बघायला पायजे आधी. ब्येस. आमच्याकडं भुयारी मार्ग केलाय एका जागी, पण पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतंय. निवेदनात त्ये बी घाला.

तात्या_भिलवडी
मी याच पट्ट्यात स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. तरुण मंडळी कवचला अगदी नवी गोष्ट समजतायत, म्हणून लिहितो. एका सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात, एका वेळी एकच गाडी, हे तत्त्व आमच्या हातात लोखंडी गोळ्याच्या रूपात होतं.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांत एकमेकांना तारेने जोडलेली दोन यंत्रं असत. मला गाडी सोडायची तर पुढच्या मास्तरला घंटी देऊन लाईन क्लिअर, म्हणजे रूळ मोकळा असल्याची संमती, मागायची. त्याने त्याच्याकडून संमती दिली की करंट येई आणि माझ्या यंत्रातून एक गोळा सुटे. तो सुटला की दोन्हीकडची यंत्रं बंद. गोळा एका टोकाच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे, कितीही हिसका मारा. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली असत. ती बोट फिरवून वाचायची, पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगेला लावायची. न थांबणाऱ्या गाडीसाठी पॉइंट्समन फलाटाच्या टोकाला रिंग उंच धरून उभा राही. रात्री शेजारी मशाल असे. इंजिनातून असिस्टंट हात बाहेर काढून रिंग दंडात झेलायचा आणि मागच्या सेक्शनची रिंग फलाटावर टाकायचा. थंडीच्या दिवसांत त्या माणसांच्या दंडावर काळेनिळे वळ मी पाहिलेत.

या पद्धतीत एकच उणीव होती. गोळा चुकीची गाडी सेक्शनमध्ये जाऊ देत नसे, पण ड्रायव्हरने लाल सिग्नल तोडलाच तर त्याला अडवायची ताकद गोळ्यात नव्हती. कवचने ती उणीव भरली. म्हणून माझं मत, मागा. जरूर मागा.

मिरजकर_अण्णा
तात्या, वाचून बरं वाटलं. आमच्या मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही रूळ होते. बार्शी लाईटची छोटी गाडी कुर्डुवाडीला जायची. भडंगाच्या पुड्या घेऊन लोक या गाडीतून त्या गाडीत पळायचे. त्यावर वेगळा धागा काढाच.

वैशाली_कोरेगाव
अण्णा, भडंगावर धागा निघाला तर इथलं कोणी परत येणार नाही :) मूळ विषयावर एक सांगते. माझं माहेर परभणीचं. कवच सुरुवातीला बसलं ते दक्षिण मध्य रेल्वेत, १,४६५ किलोमीटरवर. त्यात मनमाड-मुदखेड आणि परभणी-बीदर हे भाग आहेत. म्हणजे महाराष्ट्रात, मराठवाड्यात ते आलेलं आहे. “हे दिल्ली-मुंबईवाल्यांचं काम” असं गटात कोणी म्हणालं तर परभणीचं नाव सांगा.

माहुलीकर
वैशालीताई, हे मला माहीतच नव्हतं. मोठा मुद्दा दिलात.

सिग्नलवाला
त्यांचं बरोबर आहे. या यंत्रणेच्या चाचण्या तिकडेच झाल्या. प्रवासी गाड्यांवरची पहिली चाचणी फेब्रुवारी २०१६ मधली, तेव्हा तिचं नाव टीकॅस, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा, असं होतं. जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबाद विभागात दोन इंजिनं एकाच रुळावर समोरासमोर आणली, एकात स्वतः रेल्वेमंत्री होते, आणि इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटरवर आपोआप थांबलं. मोठी स्टेशनं आणि यार्ड सांभाळणारी सुधारित आवृत्ती, कवच ४.०, जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली. मग दिल्ली-मुंबई आणि दिल्ली-हावडा हे गर्दीचे मार्ग आधी घेतले. दिल्ली-मुंबईवरचा मथुरा-कोटा टप्पा जुलै २०२५ मध्ये सुरू झाला.

आणखी एक. वंदे भारत गाड्यांत कवचची सोय असते. पण रुळावर टॅग आणि स्टेशनात यंत्र नसेल तर इंजिनातलं यंत्र कोणाशी बोलणार?

वारणाकाठ
खर्चाचं काय? सरकारने संसदेत सांगितलेला आकडा किलोमीटरला ५० लाख आणि इंजिनामागे ८० लाख असा आहे. पुणे-मिरज २८० किलोमीटर धरा, नुसत्या मार्गाचेच १४० कोटी झाले. तेवढ्यात फाटकांवर किती पूल होतील? मी विरोधासाठी विरोध करत नाही. आपल्या भागात माणसं मरतात ती फाटकावर आणि रूळ ओलांडताना. टक्कर होऊन किती मेली?

मीनल_ओसाका
मी मूळची कराडची, आता जपानात. वारणाकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण “इथे अजून झालं नाही” हा आधार कच्चा वाटतो. माझ्या घरापासून अमागासाकी फार लांब नाही. २५ एप्रिल २००५ ला तिथे लोकल गाडी ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ च्या वेगाने गेली, रुळावरून उतरून इमारतीत घुसली. १०७ माणसं गेली, मोटरमनसह. गाडीला मिनिटभर उशीर झाला होता आणि उशिराबद्दल होणाऱ्या शिक्षेची त्याला धास्ती होती. वळणावर वेग तपासून ब्रेक लावणारी नवी यंत्रणा त्या मार्गावर बसवायचं ठरलेलं होतं. अपघाताच्या दिवशी ती बसलेली नव्हती.

जपानने गाडी थांबवणारी यंत्रणा देशभर नेली तीही १९६२ मधल्या मिकावाशिमाच्या अपघातानंतर. अमेरिकेने २००८ मध्ये चॅट्सवर्थला २५ माणसं गेल्यावर कायदा केला, २०१५ ची मुदत घातली, आणि काम पूर्ण व्हायला २०२० उजाडलं. प्रत्येक देशाने आधी माणसं गमावली, मग पैसा काढला. आपल्या मार्गावर अपघात होण्याआधी मागणी होतेय, याचा मला अभिमान वाटतो.

स्मिता_विश्रामबाग
मी रेल्वेत नाही, पण माझा धाकटा भाऊ असिस्टंट लोको पायलट आहे. मालगाडीवर असतो. कोणत्या विभागात ते लिहीत नाही.

लोक सहज म्हणतात, “ड्रायव्हरला झोप लागली.” रात्री एकला कॉल येतो, दोनला साइन ऑन, म्हणजे कामावर हजेरी. दिवसा झोपलेला असतोच असं नाही, कारण रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतीच्या जागी, एक खोली आणि चौघं चार वेळांचे. इंजिनात दोघं प्रत्येक सिग्नल हात करून मोठ्याने पुकारतात. एकाने “डबल यलो” म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, रात्रभर. मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर इंजिनातल्या एका यंत्राचा दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतो. भाऊ म्हणतो, पहाटे तीन ते पाच या वेळात ते बटण हात आपोआप दाबतो, मेंदूला पत्ता नसतो. त्या यंत्राला माणूस जागा आहे एवढंच कळतं, सिग्नल लाल आहे हे नाही.

एकदा मी त्याला विचारलं, कवच आलं तर तुमची किंमत कमी होईल असं वाटतं का? तो म्हणाला, “ताई, लाल सिग्नल गेला तर मी जगलो तरी नोकरी गेली, आणि मागच्या डब्यातली माणसं गेली ती वेगळीच. माझ्या शेजारी कोणीतरी न झोपणारं बसणार असेल तर मी त्याला नको कशाला म्हणू?”

माहुलीकरदादा, निवेदनात चालकांच्या विश्रांतीबद्दल एक ओळ टाका.

तात्या_भिलवडी
स्मिताबाई, तुमच्या भावाला माझा आशीर्वाद सांगा. चौकशीत कागदावर शेवटी सही असते ती रनिंग स्टाफची, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांची. त्याच्या आधीच्या चार रात्री कोणी मोजत नाही.

१७ जून २०२४ ला रंगापानीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली, तेही आठवा. स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते आणि लाल सिग्नल ओलांडायची कागदी परवानगी देऊन गाड्या सोडत होते. त्या परवानगीत वेग किती ठेवायचा यावरून पुढे वाद झाला. सिग्नल बिघडल्यावर सगळी मदार एका छापील फॉर्मवर आणि तो वाचणाऱ्यावर येते. तिथे यंत्राचं पाठबळ हवंच.

शिंदवण्याचा_वारा
घाटाबद्दल कोणी बोललं नाही. शिंदवणे आणि आदर्की, आपल्या मार्गावर दोन घाट आहेत. पावसाळ्यात दगड येतात. कोयना एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल, खंडाळ्यातून उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी थोडी थांबते. तिथे कॅच सायडिंग आहे. गाडी थांबली, म्हणजे ताब्यात आहे असं दिसलं, की मगच पुढचा मार्ग मिळतो. नाहीतर चढावरच्या बाजूच्या रुळावर जाऊन ती आपोआप थांबते. संगणक नव्हते तेव्हाची सोय, आजही वापरात आहे.

कोकणवाला_जावई
कोकण रेल्वेनेही एक यंत्रणा काढली होती, ‘रक्षा कवच’ म्हणायचे. बी. राजाराम यांची कल्पना. ईशान्येकडे बसवलीही. मग ती का मागे पडली?

सिग्नलवाला
ती मुख्यतः जीपीएसवर चालायची. दोन शेजारी रुळांत अंतर पाच मीटरच्या आसपास. गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे हे नुसत्या उपग्रहावरून खात्रीने ठरवणं कठीण जायचं. स्टेशनात तर चार-पाच रूळ. शेजारून जाणाऱ्या गाडीमुळे विनाकारण ब्रेक लागला की कर्मचाऱ्यांचा यंत्रावरचा विश्वास उडतो आणि मग ते बंद ठेवायची सवय लागते. म्हणून आताच्या कवचमध्ये टॅग रुळावरच बसवले आणि ते सिग्नलशी जोडले. पण ज्या गैसलच्या टकरीनंतर ही कल्पना पुढे आली ती १९९९ मधली आहे हे लक्षात घ्या. त्या काळी एवढा विचार करणाऱ्यांचा मला आदर वाटतो.

वारणाकाठ
ठीक आहे. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. फाटकं आणि पूल आधी, हे मी म्हणणारच. पण सिग्नलवाल्यांनी पाटलांना दिलेलं उत्तर वाचल्यावर एक पटलं. फाटक सिग्नलला जोडणं आणि कवच बसवणं हे एकाच साखळीतलं काम आहे. दोन्ही एकत्र मागत असाल तर माझी सही धरा. थांब्यांचं मात्र वेगळं निवेदन द्या, एकात मिसळू नका.

माहुलीकर
सगळ्यांचे आभार. दोन निवेदनं करायची हे ठरलं. सुरक्षेच्या निवेदनाचा मसुदा असा:

“पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर कवच ४.० बसवण्याचं वेळापत्रक जाहीर करावं. तोपर्यंत मार्गावरील सर्व फाटकं सिग्नलशी जोडावीत. भुयारी मार्गांत पाणी साठू नये म्हणून पंपांची सोय करावी. शिंदवणे व आदर्की घाटांत पावसाळ्यापूर्वी सैल दगड काढावेत आणि जाळ्या बसवाव्यात. सिग्नल दुरुस्तीच्या कामाला पुरेसा ब्लॉक (गाड्या थांबवून दिलेला वेळ) द्यावा व संपूर्ण तपासणी झाल्याशिवाय गाड्या सोडू नयेत.”

काही बदल असेल तर उद्या रात्रीपर्यंत लिहा, परवा छापायला देतोय.

तात्या_भिलवडी
“वेळापत्रक जाहीर करावं” याच्यापुढे “टप्प्यांसह” घाला. पुणे-सातारा कधी, सातारा-मिरज कधी, असं लेखी मागा. नुसतं “लवकरच” असं उत्तर येतं आणि फाईल बंद होते.

पाटील_मसूर
पंपाचं घातलंसा, ब्येस झालं. आमच्या गावातल्या सह्या म्या गोळा करतो.

स्मिता_विश्रामबाग
रनिंग स्टाफच्या विश्रांतीची ओळ राहिली, दादा.

माहुलीकर
घेतली, ताई. “सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा आणि रनिंग रूममध्ये शांत झोपेची सोय” असे शब्द घातले. ती ओळ कवचच्या लगेच खाली ठेवलीय.